झोपून उठल्यावरचा थकवा

“काम करून दमते त्याचं काही नाही ताई. पण झोपून उठते तवाच दमल्यावानी असते, त्याचं काय करायचं?”

जुलैचा दुसरा आठवडा होता. कोळवण खोऱ्यातल्या एका खाचरात भातलावणी चालली होती. सात बायका ओळीने वाकलेल्या. डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताने तीन-चार काड्या चिखलात खोचायच्या आणि एक पाऊल मागे सरकायचं. ही बाई मधेच ओळ सोडून बांधावर येऊन बसली. डोक्यावरची प्लास्टिकच्या कागदाची खोळ मागे सारली आणि खाचराच्या पाण्यात हात खळबळून घेतले. बोटांच्या पेरांवरची कातडी पाण्याने पांढरी पडली होती. नखंही पांढरीच होती, पण ती पाण्याने नव्हती.

वय ४४. लग्न एकोणिसाव्या वर्षी, दोन मुलं, मग कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन. थोरल्या मुलीला आता सहा महिन्यांचं बाळ आहे, धाकटा बारावीला. पहाटे साडेचारला उठून म्हशीची धार, मग भाकरी, डबे, आणि सातला पिरंगुटच्या कंपनीची गाडी. पॅकिंगच्या लाइनवर आठ तास उभं राहायचं. लावणीसाठी तिने चार दिवस खाडा केला होता. “आता आजी झाले, दमणारच की,” असं तीच म्हणाली, माझा प्रश्न यायच्या आधी.

याच मुळशी तालुक्यात, घोटावड्याच्या रस्त्याने गेलं तर तासाभराच्या आत, हिंजवडीचे काचेचे मनोरे लागतात. तिथे चौदाव्या मजल्यावर राहणारी माझ्या ओळखीची एक बाईही ४४ वर्षांचीच आहे. तिचा मुलगा चौथीत. रात्री अमेरिकेशी बैठका, सकाळी स्कूलबस. गेलं वर्षभर तिला रोज पहाटे तीनला जाग येते, मानेवर घाम असतो, आणि मग झोप लागत नाही. तिचं म्हणणं, “मुलाचं लहान वय आणि माझं हे वय एकत्र आलंय, दमणारच.” एक लवकर आई झाली म्हणून दमते, दुसरी उशिरा आई झाली म्हणून. कारणं उलटी आहेत आणि थकवा एकच आहे, तेव्हा तो आईपणाच्या वेळापत्रकापेक्षा खोल कुठेतरी आहे असं समजायला हरकत नाही.

मराठीत एक शब्दप्रयोग आहे, दुखणं ‘अंगावर काढणं’. ताप अंगावर काढतात, खोकला अंगावर काढतात. चाळिशीतल्या बाईचा थकवा तर दहा-दहा वर्षं अंगावर काढला जातो, कारण ते दुखणं आहे असं तिलाही वाटत नाही आणि घरालाही नाही.

पाळी जाते तेव्हा त्रास होतो, हे सगळ्यांना ऐकून माहीत असतं. पण त्रासाचा मोठा भाग पाळी जायच्या आधीच्या वर्षांत असतो. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं वैद्यक मानतं. भारतात हे सरासरी ४६-४७ व्या वर्षी होतं, युरोप-अमेरिकेत ५१ च्या आसपास. त्याआधीची चार ते आठ वर्षं संक्रमणाची. म्हणजे आपल्याकडच्या बाईच्या शरीरात ही उलथापालथ अडतिशी-चाळिशीतच सुरू झालेली असते. पाळी तेव्हा दर महिन्याला येतच असते, कधी तर लवकर येते, म्हणून थकव्याचा आणि पाळीचा संबंध कुणी जोडत नाही.

आत काय चाललेलं असतं? मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या बीजकोशांत दहा ते वीस लाख बीजपुटकं असतात. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात. आयुष्यभरात त्यांतली चार-पाचशेच पिकून बीज बाहेर टाकतात, बाकीची आपोआप विरून जातात. चाळिशी येते तेव्हा साठा तळाला लागलेला असतो. मेंदूतली पियुषिका ग्रंथी एफएसएच नावाचं संप्रेरक सोडून बीजकोशाला दर महिन्याला हाक मारत असते. उत्तर नीट आलं नाही की ती हाकेचा आवाज वाढवते. जोरदार हाकेला कधी दोन पुटकं एकदम धावून येतात, कधी एकही येत नाही. त्यामुळे या वर्षांत इस्ट्रोजेन हळूहळू उतरत जातं अशी जी समजूत आहे ती बरोबर नाही. ते हेलकावे खातं. एखाद्या महिन्यात तर ते पंचविशीतल्यापेक्षाही वर जातं आणि पुढच्या महिन्यात कोसळतं.

सरळ उतरतं ते दुसरं संप्रेरक, प्रोजेस्टेरॉन. बीज बाहेर पडलं तरच ते पुरेसं तयार होतं, आणि आता बऱ्याच महिन्यांत बीज बाहेर पडतच नाही. प्रोजेस्टेरॉनची दोन कामं या थकव्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. गर्भाशयाचं अस्तर ते आवरून धरतं. आणि त्याच्यापासून तयार होणारा एक पदार्थ मेंदूत नेमका तिथे काम करतो जिथे झोपेच्या काही गोळ्या काम करतात. ते कमी झालं की एकीकडे झोप उथळ होते आणि दुसरीकडे अस्तर माजतं, पाळीला अंगावरून फार जायला लागतं.

बांधावर बसलेल्या बाईला मी हेच विचारलं. इकडे तिकडे बघून, आवाज खाली आणून ती म्हणाली, “पहिले तीन दिवस लई जातं. गाठी पडतात.” कंपनीत लाइन सोडून जायला दोनदाच मिळतं, म्हणून ती एकावर एक दोन पॅड लावते. असं किती दिवस? “झाली दोन-अडीच वर्षं.” हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असंच तिला वाटलं नव्हतं, कारण तिच्या जावेचंही तसंच होतं आणि शेजारणीचंही.

इथे थोडा हिशेब करू. नेहमीच्या पाळीत ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. ८० च्या वर गेलं की त्याला अतिस्राव म्हणतात. तिचं १२० जात असेल असं धरू. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे महिन्याला ६० मिलिग्रॅम, रोजचे दोन. त्वचा आणि आतड्यातून रोज एखादा मिलिग्रॅम तसाही जातच असतो. एकूण तीन. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली बाईच्या रोजच्या आहारात २९ मिलिग्रॅम लोह असावं असं सांगितलं, आणि ते सांगताना आपल्या जेवणातलं आठ टक्केच लोह अंगी लागतं असं धरलं. २९ चे आठ टक्के होतात सव्वादोनच्या आसपास. म्हणजे ती पुस्तकात लिहिलेलं आदर्श जेवण रोज जेवली असती, तरी दिवसाला जवळपास पाऊण मिलिग्रॅमची तूट राहिलीच असती. आणि ती जेवते काय? सकाळी उभ्या उभ्या चहा आणि रात्रीची भाकरी. दुपारी डब्यातला भात आणि कालवण. सगळ्यांचं वाढून झाल्यावर उरलं ते रात्री.

चहाबद्दल थांबून सांगायला हवं. चहातली टॅनिनं लोहाला धरून ठेवतात आणि आतड्यात शोषू देत नाहीत. भाकरीबरोबर चहा घेतला की भाकरीतलं बरंचसं लोह वाया जातं. तोच चहा जेवणानंतर तास-दीड तासाने घेतला तर नुकसान बरंच टळतं. उलट लिंबू, आवळा, पेरू यांतल्या क जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं. चहा सोडा असं मी कुठल्याही बाईला सांगणार नाही. दिवसभरात तिला स्वतःसाठी मिळणारी ती बहुधा एकुलती एक गोष्ट असते. फक्त ती भाकरीपासून लांब न्यायची आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात ५४.२ टक्के. हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय मानतात. पण लोह त्याच्या बरंच आधी कमी पडायला लागतं. शरीर आधी साठ्यातलं लोह मोडून खातं, आणि हिमोग्लोबिन शेवटी ढासळतं. साठा मोजणाऱ्या तपासणीला फेरिटिन म्हणतात. २०१२ साली फ्रान्समधल्या दवाखान्यांत केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. हिमोग्लोबिन चांगलं, पण फेरिटिन ५० च्या खाली आणि सतत थकवा, अशा १९८ बायकांपैकी निम्म्यांना बारा आठवडे लोहाची गोळी दिली आणि निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी. लोहवाल्यांचा थकवा जवळपास निम्म्याने उतरला, दुसऱ्या गटाचा तीस टक्क्यांच्या आसपास. “तुमचं एचबी तर चांगलं आहे, काही झालेलं नाही” हे ऐकून परत आलेल्या हिंजवडीतल्या बाईने हा प्रयोग लक्षात ठेवावा.

पुण्यातल्या एका अभ्यासाने आणखी एक कमतरता दाखवून दिली, ब१२ जीवनसत्त्वाची. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. त्यांना शोधायचं होतं आईच्या पोषणाचं आणि बाळाच्या पुढच्या आयुष्यातल्या मधुमेहाचं नातं. त्यात असं दिसलं की दोन-तृतीयांशांच्या आसपास आयांमध्ये ब१२ कमी होतं. ते वनस्पतींत नसतं. दूध, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळतं, आणि गावात मटण सणाला, दूध डेअरीला. ब१२ कमी पडलं की थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात, विसरायला होतं. त्या अभ्यासातली बाळं आता तिशीत आहेत, त्यांच्याबद्दल शेकडो पानं लिहिली गेली. त्यांच्या आया आता पन्नाशीच्या पुढे-मागे असतील. त्यांचं शरीर या वयात कसं चाललंय, हे मला बाळांच्या कहाणीइतकंच जाणून घ्यावंसं वाटतं.

आता झोप. ‘अंगातून वाफा निघतात’ असं बायका म्हणतात आणि ते वर्णन अचूक आहे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग अंगाचं तापमान सांभाळतो. तिथे काही चेतापेशी अशा आहेत ज्यांना इस्ट्रोजेन शांत ठेवतं. अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठातल्या नेओमी रान्स यांना १९९० च्या सुमारास रजोनिवृत्तीनंतरच्या बायकांच्या मेंदूत या पेशी फुगलेल्या दिसल्या. इस्ट्रोजेनचा हात निघाला की त्या चेकाळतात आणि तापमान जरा वर गेलं तरी अंग पेटल्यासारखा घाम काढायचा हुकूम सोडतात. मिनिट-दोन मिनिटांत घाम, मग गारठा. रात्रीतून हे चारदा झालं तर बाई अंथरुणात सात तास असूनही झोपलेली नसते. कोळवणची बाई म्हणाली, “मला वाटायचं गोधडी जड झाली.” भर पावसाळ्यात, मुळशीतल्या रात्री, ती गोधडी फेकून देत होती.

इतकं झाल्यावर दुपारी अंग गळतं. मग कुणी चार चहा घेतं, कुणी मिश्री लावतं. मिश्रीतल्या निकोटिनने घटकाभर तरतरी येते आणि रात्रीची उरलीसुरली झोपही जाते.

याखेरीज थायरॉइड आहे. तो मंदावला की थकवा, वजन, बद्धकोष्ठता, पाळीला जास्त जाणं, सगळं अगदी रजोनिवृत्तीसारखंच दिसतं, आणि बायकांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. टीएसएच ही एक रक्ततपासणी त्याचा निकाल लावते. रक्तातली साखरही बघायला हवी. आणि मन उदास असेल तर तेही डॉक्टरांना सांगायचं, कारण संक्रमणाच्या या वर्षांत नैराश्य येण्याचा धोका खरोखरच वाढतो आणि त्यावर उपचार आहेत.

सलाईनचं मात्र सांगायलाच हवं. गेल्या उन्हाळ्यात एका दवाखान्यात कोळवणच्या बाईला ‘अशक्तपणा’ म्हणून दोन सलाईन लावल्या. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. साखरेची असेल तर २५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे पाच-सहा चमचे साखर. लोह शून्य. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलेल्या माणसाचा सलाईन जीव वाचवते. या थकव्याला तिचा उपयोग नाही. दोन दिवसांची मजुरी त्यात गेली आणि खरी तपासणी आणखी वर्षभर लांबली, याचा मला राग येतो.

आणि याहून महागात पडतो तो दुसरा उपाय, ‘पिशवी काढून टाकणं’. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचं प्रकरण २०१९ साली सगळ्या महाराष्ट्राने वाचलं. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांवर बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली निघाली, त्यांतल्या कित्येक चाळिशीच्याही आत होत्या. कोयत्याचा, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्याचा, खाडा पडला की आगाऊ घेतलेल्या उचलीतून पैसे कापले जातात, तेव्हा दर महिन्याची कटकट एकदाची संपवलेली बरी, असा तो विचार. पण गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले, तर जे बदल निसर्ग आठ वर्षांत करतो ते एका रात्रीत होतात. बीजकोश ठेवले तरी रजोनिवृत्तीचे बदल लवकर सुरू होऊ शकतात. थकवा, कंबरदुखी, हाडांची झीज, सगळं पस्तिशीत. शस्त्रक्रिया कधी कधी खरोखर गरजेची असते. पण जास्त जाण्यावर आधी गोळ्या आहेत, संप्रेरक सोडणारी तांबीसारखी वस्तू गर्भाशयात बसवता येते, सोनोग्राफीने गाठी आहेत का ते कळतं. हे सगळं करून झालं का, असं विचारायचा बाईला हक्क आहे.

संप्रेरकांच्या गोळ्यांची भीती २००२ पासून बसली. अमेरिकेतला मोठा प्रयोग त्या वर्षी मधेच थांबवला गेला, कारण गोळी घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग आणि हृदयविकार थोडे वाढलेले दिसले. पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. पुढे आकडे वयानुसार वेगळे केले तेव्हा दिसलं की साठीच्या आत, किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, ज्यांना वाफांचा आणि झोपेचा फार त्रास आहे त्यांना बहुतेक वेळा फायदा धोक्यापेक्षा मोठा असतो. स्तनाचा कर्करोग झालेला असेल, रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील, तर मात्र नाही. स्त्रीरोगतज्ज्ञाबरोबर बसून ठरवायची ही गोष्ट आहे, शेजारणीच्या पाकिटातली गोळी घ्यायची नाही. आणि एक खूण कधीच अंगावर काढायची नाही: वर्षभर पाळी बंद असून पुन्हा रक्त दिसलं, थेंबभर का होईना, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे.

वर दिलेला ५४.२ टक्क्यांचा आकडा पुन्हा बघा. तो १५ ते ४९ वयाच्या बायकांचा आहे. २०१८ साली सुरू झालेल्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ योजनेतली लोहाची आठवड्याची लाल गोळीही २० ते ४९ च्या बायकांसाठी. पन्नाशी लागली की बाई या मोजणीतूनही जाते आणि या गोळीतूनही. मूल होण्याचं वय संपेपर्यंतच तिच्या रक्ताची काळजी घ्यायची, असा या आकड्यांच्या मागचा जुना विचार आहे. २०२२ च्या नवरात्रात महाराष्ट्राच्या आरोग्य खात्याने ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ मोहीम काढली तेव्हा अठराच्या पुढच्या सगळ्या बायकांची तपासणी धरली होती, वरची मर्यादा न घालता. मला त्यातलं हे फार आवडलं होतं.

गोळ्यांनी न सुटणारा भागही आहे. २०१९ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणारी बाई त्यावर दिवसाला २९९ मिनिटं घालवते असं निघालं, घरकाम करणारा पुरुष ९७. पुरुषांतले बरेच तर घरकाम करतच नाहीत, ते या ९७ मिनिटांत धरलेलेही नाहीत. पाच तासांचं हे काम पहाटे साडेचारला सुरू होतं म्हणून पहाटेची ती झोप, जी वाफा थांबल्यावर कशीबशी लागलेली असते, तीच मोडते. बारावीतला मुलगा म्हशीची धार काढायला शिकला तर आईला एक तास झोप मिळेल, हा मी वैद्यकीय सल्ला म्हणूनच सांगितला. तो शिकला. पहिल्या दिवशी म्हशीने लाथ मारली म्हणे.

पौडच्या सरकारी दवाखान्यात तिचं हिमोग्लोबिन ९.१ निघालं. थायरॉइड ठीक होता. जास्त जाण्यावर गोळ्या दिल्या, लोहाची गोळी सुरू झाली. पहिल्या पंधरवड्यात तिच्या पोटात मळमळलं, शौचाला काळं झालं, ती घाबरून गोळी बंद करणार होती. काळं होतं ते लोहानेच, असं गावातल्या आशा कार्यकर्तीने सांगितल्यावर पुन्हा चालू केली. रात्री झोपताना, लिंबूपाण्याबरोबर.

दिवाळीनंतर मी पुन्हा गेले तेव्हा त्याच खाचरात कापणी उरकून झोडणी चालली होती. इंद्रायणी भाताचा वास सगळ्या शिवारात होता. हिमोग्लोबिन ११.४ झालं होतं. वाफा अजून येत होत्या, पण गोधडी आता अंगावर राहत होती. कसं वाटतं म्हणून विचारलं, तर हातातली पेंढी फळीवर आपटून तिने दाणे झाडले आणि म्हणाली, “दमते की अजून. पण आता संध्याकाळी दमते.”